‘उद्या पावसाची ७०% शक्यता’ म्हणतात, ते ७०% नक्की असतं कुठे?

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: उद्या पाऊस एक तर पडेल नाही तर पडणार नाही, तिसरं काही होणार नाही, मग हे मधलं ७०% काय आहे? उद्याचं आत्ताच ठरलेलं असेल तर शक्यता म्हणजे निव्वळ आपलं अज्ञान झालं, आणि ठरलेलंच नसेल तर मग अंदाज कशाचा सांगता? आणि विचारणाऱ्याने शेवटी एक ओळ जोडलीय की गावी वडील सोयाबीन पेरायचं का थांबायचं म्हणून रोज फोन करतायत, त्यांना या ७०% चा उपयोग काय.

मी नोकरीभर हवामानाच्या अंदाजाचंच काम केलं, पुण्यात, आणि निवृत्तीनंतर न्यायशास्त्र (कायद्याचं नव्हे, भारतीय तर्काचं न्यायदर्शन) वाचायला घेतलं ते बऱ्याच अंशी याच प्रश्नापायी. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण मुद्दा आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. ते ७०% उद्यामध्ये नसतं, ते आजमध्ये असतं. शक्यता ही आजच्या हवेची, आजच्या जमिनीची, आजच्या समुद्राची गोष्ट आहे. उद्या उजाडला की तिथे शक्यता नसते, तिथे फक्त पाऊस असतो किंवा कोरडा रस्ता असतो.

आता हे ७०% तयार कसं होतं ते बघा. रोज पहाटे साडेपाचला (तेव्हा जागतिक वेळेत शून्य वाजलेले असतात) जगभरची ठाणी एकाच वेळी हवा मोजतात. ठिकठिकाणी फुगे सोडतात, त्याखाली लटकवलेलं छोटं यंत्र वर जाता जाता तापमान, दमटपणा, दाब, वारा खाली पाठवत राहतं. त्यात सॅटेलाइटची, विमानांची, जहाजांची, रडारची माहिती मिसळायची की आत्ताच्या वातावरणाचं एक चित्र तयार होतं. चित्राला भोकं असतात, अरबी समुद्राच्या मध्यावर ठाणं कुठून आणणार. मग ते चित्र कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला देऊन पुढे पळवायचं, पण एकदाच नाही. सुरुवातीच्या चित्रात अगदी बारीक बारीक बदल करून, म्हणजे इथे तापमान किंचित जास्त, तिथे वारा किंचित कमी, असं करत तेच मॉडेल पुन्हा पुन्हा पळवायचं. याला एन्सेम्बल म्हणतात. अमेरिकेने आणि युरोपियन हवामान केंद्राने डिसेंबर १९९२ मध्ये हे रोजच्या कामात आणलं, आणि आपल्याकडे २०१८ पासून १२ किलोमीटरच्या बारकाव्याचं, २१ वेळा पळणारं एन्सेम्बल वापरात आलं. समजा २१ पैकी १५ वेळा पुण्यावर पाऊस आला, तर ढोबळमानाने ते ७०% झालं. प्रत्यक्षात त्यावर आधीच्या अनुभवाने थोडी दुरुस्ती करतात, पण गाभा हाच.

इथे एक गोष्ट लोक विसरतात की ‘पाऊस पडला’ म्हणजे किती पडला हेही आधी ठरवावं लागतं. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात आणि २.५ मिमी किंवा त्याहून जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस धरतात. म्हणजे रात्री पत्रा वाजला, रस्ता ओला झाला, पण मापात १.८ मिमी भरला तर हिशेबाला तो पावसाचा दिवस नाहीच. ‘तिसरं काही होणार नाही’ हे म्हणायला ठीक आहे पण पडला आणि नाही पडला यातली रेघ आपणच आखलेली असते, आणि रेघ सरकवली की शक्यताही बदलते. जागेचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३ मिमीच्या आसपास. एकच शहर, एकच दिवस. ‘मुंबईत काय झालं’ या साध्या वाटणाऱ्या प्रश्नालासुद्धा एक उत्तर नव्हतं, तेही सगळं होऊन गेल्यावर.

बरं, आता खरा आक्षेप. कोणीही म्हणेल की हे २१ वेळा पळवणं म्हणजे आपल्याला नीट मोजता येत नाही याचीच कबुली आहे, हवेला स्वतःला सगळं माहीतच आहे, ती एकाच रस्त्याने जाणार. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१४ मध्ये हेच मांडलं: विश्वातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरची सगळी बलं माहीत असलेली एखादी बुद्धी असेल तर तिला भविष्य भूतकाळाइतकंच लख्ख दिसेल. आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी आजीविक या प्राचीन नियतीवादी पंथाचा मक्खली गोसाल होता, त्याचं मत पाली ग्रंथांत आलंय की सुताचा गुंडा फेकला की तो जसा उलगडत शेवटापर्यंत जातो तसं सगळ्यांचं आयुष्य नियतीने उलगडत जातं, मधे कोणाच्या प्रयत्नाने काही फरक पडत नाही. दोघांत फरक खूप आहेत पण चित्र एकच आहे, की सूत आधीच गुंडाळलेलं आहे आणि आपण फक्त बघतोय.

या चित्राला धक्का दिला एडवर्ड लॉरेन्झ या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने, आणि गंमत म्हणजे त्याने नियम मोडून नाही दिला, नियम तसेच ठेवून दिला. १९६१ मध्ये एमआयटीत तो एका छोट्या कॉम्प्युटरवर हवेचं सोपं केलेलं मॉडेल पळवत होता. एक रन पुन्हा बघायचा म्हणून त्याने मधल्याच ठिकाणचे आकडे छापील कागदावरून परत टाईप केले. मशीनच्या पोटात ०.५०६१२७ होतं आणि कागदावर ०.५०६ छापलेलं होतं. तेवढ्याच फरकाने काही काळ दोन्ही रन जवळजवळ सारखे चालले आणि मग असे फाकले की शेवटी एकमेकांशी काही संबंधच उरला नाही. यावरचा त्याचा पेपर १९६३ ला आला, आणि १९७२ मधल्या भाषणाच्या शीर्षकात ब्राझीलमधलं ते प्रसिद्ध फुलपाखरू आलं. फुलपाखरू सगळ्यांना माहीत झालं पण त्याहून महत्त्वाचं काम त्याने १९६९ मध्ये केलं त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्यात त्याने दाखवलं की वातावरणासारख्या गोष्टीत, जिथे लहान भोवरे मोठ्या भोवऱ्यांत आणि ते आणखी मोठ्यांत गुंतलेले असतात, तिथे सर्वात बारीक पातळीवरची चूक निम्मी केलीत, पाव केलीत, तरी तुम्हाला पुढचे दिवस कमी कमीच मिळत जातात आणि एका मर्यादेपलीकडे मिळतच नाहीत. रोजच्या हवेसाठी ती मर्यादा साधारण दोन आठवड्यांची धरतात.

आता याला अज्ञान म्हणा हवं तर. पण जे अज्ञान कितीही मेहनत केली, कितीही ठाणी उभारली तरी संपूर्ण हटत नाही, आणि किती दिवसांनंतर हटणार नाही हे ज्याचं गणित मांडून सांगता येतं, ते मला नुसतं आपल्या डोक्यातलं अज्ञान वाटत नाही.

आणि माझ्यासाठी निर्णायक ठरलेला पुरावा याहून साधा आहे, तो रोज टेबलावर असायचा. जुलैत किनारपट्टीला लागून कमी दाबाचा पट्टा आहे, बंगालच्या उपसागरातून एक डिप्रेशन (तीव्र झालेलं कमी दाबाचं क्षेत्र) आत आलंय, अशा दिवशी एन्सेम्बल काढलं की कोकणावर २१ च्या २१ वेळा पाऊस, सगळ्या रेघा एकमेकींना चिकटून. आणि मेच्या शेवटी वळवाच्या दिवसांत मराठवाड्यावर तेच एन्सेम्बल काढा, एका रनमध्ये बीडवर ढग, दुसऱ्यात परभणीवर, तिसऱ्यात कुठेच नाही, सगळ्या रनच्या रेघा एकत्र काढलेला स्पॅगेटी चार्ट बघितला तर रेघा नुसत्या फिसकटलेल्या. आता मला सांगा, या दोन दिवसांत माझं अज्ञान बदललं का? माणसं तीच, यंत्रं तीच, मॉडेल तेच, ठाण्यांची संख्या तीच. बदललं काय, तर हवा बदलली. एका दिवशीची हवा एकाच दिशेने बांधलेली होती, दुसऱ्या दिवशीची हवा अनेक दिशांना सुटू शकत होती. म्हणजे शक्यता किती पसरलेली आहे हा त्या त्या दिवशीच्या हवेचा गुण आहे, जसं तापमान हा गुण आहे, दमटपणा हा गुण आहे. मोजताना आपल्या अज्ञानाची भर त्यात पडते हे मान्य, पण सगळं काही आपल्या डोक्यात नाहीये. यात मला काही शंका राहिलेली नाही.

तत्त्वज्ञानात हा वाद फार जुना आहे. ॲरिस्टॉटलने उदाहरण घेतलं समुद्रावरच्या लढाईचं: ‘उद्या लढाई होईल’ हे वाक्य आज खरं असेल तर लढाई टाळता येणार नाही, आज खोटं असेल तर होऊच शकणार नाही, मग विचारविनिमय करायचा कशाला? तुमचा प्रश्न जवळपास शब्दशः हाच आहे. ‘होईल किंवा होणार नाही’ हे पूर्ण वाक्य आजही खरं आहे पण म्हणून त्यातला एक तुकडा आजच खरा ठरत नाही, असं त्याचं उत्तर बहुतेक लोक समजतात, आणि मला ते पटतं. त्यावर अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात शिरत नाही.

जास्त टोचणारा माणूस म्हणजे डायोडोरस क्रोनस हा ग्रीक तत्त्वज्ञ. त्याचं म्हणणं होतं की शक्य तेच, जे आत्ता आहे किंवा पुढे कधीतरी होणार आहे. जे कधीच होणार नाही ते शक्य नव्हतंच. ऐकायला जरा विचित्र वाटतं पण आपण सगळे रोज असेच वागतो. इशारा दिला आणि काही झालं नाही की लोक म्हणतात ‘काही नव्हतंच, उगाच घाबरवलं.’ हा शुद्ध डायोडोरस आहे, गावच्या पारावर आणि टीव्हीच्या स्टुडिओत बसलेला.

याला मला सगळ्यात चांगलं उत्तर मिळालं ते आपल्या नैयायिकांकडे, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांकडे, आणि ते वाचलं तेव्हा खरंच आनंद झाला. न्यायशास्त्रात अभावाचे चार प्रकार मानतात, त्यातला पहिला प्रागभाव, म्हणजे वस्तू निर्माण होण्याआधी तिचं नसणं. ‘तर्कसंग्रह’ लिहिणाऱ्या अन्नंभट्टांनी व्याख्या दिलीय, ‘अनादिः सान्तः प्रागभावः’, ज्याला सुरुवात नाही पण शेवट आहे. घट झाला की त्याचा प्रागभाव संपतो. आणि हे नसणं हवेत तरंगत नाही, त्याला जागा आहे. कुंभाराच्या हातात घटाचे दोन भाग, कपालं, तयार आहेत आणि ते बघून आपल्याला कळतं की इथे घट होणार आहे, तर हे जे कळणं आहे त्याचा विषय तो प्रागभाव. बघा किती नेमकं आहे हे. भविष्यकाळाचं वाक्य बोलायचंय पण बोट मात्र आज समोर असलेल्या मातीकडे करायचं.

पण इथे अडचण येते. प्रागभाव संपणारा असतो, म्हणजे ज्याचा प्रागभाव आहे ती वस्तू होतेच होते. मग जी कधीच झाली नाही तिचं काय? त्यासाठी त्यांच्याकडे दुसरी जोडी आहे, स्वरूपयोग्यता आणि फलोपधायकता, आणि उदाहरण आहे रानातल्या दंडाचं. कुंभार चाक फिरवायला काठी वापरतो. तशीच एक काठी रानात पडलेली आहे, तिला कोणी कधी उचललं नाही, उचलणारही नाही, तिच्यापासून एकही घट होणार नाही. तरी ती घटाचं कारण व्हायला लायक आहे, ही तिची स्वरूपयोग्यता. फळ मात्र तिच्यातून आलं नाही, म्हणून ती फलोपधायक नाही. डायोडोरसला ही काठी दिसतच नाही! त्याच्या लेखी रानातली काठी आणि रानातला ओला गवताचा काडका सारखेच, कारण दोघांपासून घट झाला नाही. पण आपल्याला माहीत आहे की सारखे नाहीत. शेतकऱ्याला विचारा, माळ्यावर राहून गेलेलं चांगलं बियाणं आणि भाजलेले दाणे यांत फरक आहे की नाही. दोन्हीतून यंदा काही उगवलं नाही. एकातून उगवू शकत होतं. तो फरक खरा आहे, आणि तो दाण्यात आहे.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर ३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ अरबी समुद्रातून वर येत होतं आणि त्याच्या मार्गाचा जो शंकू नकाशावर काढतात त्यात मुंबईही होती. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं, ताशी ११० ते १२० किलोमीटरचे वारे होते, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांवरचे पत्रे-कौलं गेली. मुंबईला त्या मानाने फारसं लागलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत अनेकांचा सूर काय, तर अंदाज चुकला. मला याचं मनापासून वाईट वाटतं, स्वतःच्या कामासाठी नाही, तर त्यात दिवेआगरच्या माणसाचा विसर पडतो म्हणून. पोफळीची बाग उभी राहायला वर्षं जातात हो. शंकूत मुंबई होती याचा अर्थ मुंबईवर वादळ येणारच असा नव्हता, त्या दिवशीची हवा मुंबईकडेही जाऊ शकेल अशी होती, एवढाच होता. ते खरं होतं, आणि वादळ रायगडला गेल्यावरही ते आदल्या दिवशी खरं होतंच. मुंबईवरचा टळलेला धोका रानातल्या काठीसारखा आहे, फळला नाही म्हणून तो नव्हता असं होत नाही.

आणि माणूस मधे आला की तर याहून मोठी गोष्ट होते. ओडिशात ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन त्याच राज्यात, गोपाळपूरजवळ, अतितीव्र अवस्थेत किनाऱ्यावर आलं. त्याआधी दहा लाखांच्या आसपास लोकांना किनाऱ्यावरून हलवलं होतं आणि मृत्यू पन्नाशीच्या आत राहिले. आता डायोडोरसच्या हिशेबाने बघा: २०१३ मध्ये हजारो लोक मेले नाहीत, म्हणजे ते मरणं शक्यच नव्हतं, म्हणजे हलवाहलव फुकटच केली? उलट आहे. ती शक्यता शाळांच्या इमारतीत, सायक्लोन शेल्टरमध्ये, रात्रभर फिरणाऱ्या सरकारी गाड्यांमध्ये माणसांनी विझवली. ती विझली कारण ती खरी होती आणि वेळेत ओळखली गेली.

ग्रीकांकडे याच्या उलट बाजूचा एक युक्तिवाद होता, त्याला ते आळशी युक्तिवादच म्हणायचे. बरं व्हायचं नशिबात असेल तर वैद्य बोलावला काय न बोलावला काय, आणि नसेल तर तेच. आपल्याकडे ‘नशिबात असेल तर पिकेल’ म्हणून बांधावर बसणं हा त्याचाच भाऊ. याला क्रिसिपस नावाच्या, स्टोइक पंथाच्या ग्रीक तत्त्वज्ञाने उत्तर दिलंय, आणि लक्षात घ्या तो स्वतः नियती मानणारा होता. तो म्हणाला बरं होणं ठरलेलं असलंच, तर वैद्याला बोलावून बरं होणं असंच ठरलेलं असेल, मधली पायरी गाळून शेवट ठरत नाही. म्हणजे तुम्ही पक्के नियतीवादी असलात तरी हात बांधून बसायला तुम्हाला त्यातून परवानगी मिळत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण ‘सगळं ठरलेलंय’ असं मानणारे खूप शेतकरी मी बघितलेत जे पहाटे चारला मोटार चालू करायला जातात. त्यांना हे उत्तर न वाचता कळलेलं असतं.

आता कोणी विचारेल की शक्यता आजमध्ये असते म्हणता, मग उद्या काहीही झालं तरी तुम्ही बरोबरच की! ७०% म्हणालात, पडला तर बरोबर, नाही पडला तर ‘३०% होतं ना.’ हा आक्षेप योग्य आहे आणि त्याला टाळू नये. एका दिवसावरून ७०% तपासता येत नाही. पण ज्या ज्या दिवशी ७०% म्हटलं ते सगळे दिवस एकत्र काढा, त्यातल्या शंभरात साधारण सत्तर दिवशी पाऊस पडलेला असला पाहिजे. नव्वद दिवशी पडला असेल तर लोक खूश होतील पण माझ्या मते तो अंदाज चुकलेला आहे, हवेत जेवढी खात्री होती तेवढी तुम्ही सांगितली नाहीत. ग्लेन ब्रायर या अमेरिकन हवामानशास्त्रज्ञाने १९५० मध्ये हे मोजायची पद्धत दिली, ती अजून वापरतात. आणि नुसतं सरासरीला चिकटून राहिलं तरी भागत नाही, कारण जुलैतला प्रत्येक दिवस सारख्याच टक्क्याने सांगितला तर हिशेब जुळेल पण उपयोग शून्य. ज्या दिवशी हवा बांधलेली आहे त्या दिवशी ठाम बोलायचं, ज्या दिवशी सुटलेली आहे त्या दिवशी तसं सांगायचं, यात कस लागतो.

मोसमी अंदाजात हेच आपण फार महाग पडून शिकलो. २००९ मध्ये एप्रिलचा अंदाज सरासरीच्या ९६% होता आणि पाऊस झाला ७८%. (हे ९६% म्हणजे शक्यता नव्हे, दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पाऊस. ही सरासरी सध्या सुमारे ८७ सेंमी धरतात. या दोन टक्क्यांची गल्लत बातम्यांत सर्रास होते, तेवढं सांभाळा.) एकच आकडा दिला की लोकांच्या मनात एकच भविष्य तयार होतं. आता त्याच्या जोडीला कमी, सरासरीइतका, जास्त अशा प्रत्येक गटाची शक्यताही देतात. बातमीत मात्र वरचा एक आकडाच छापून येतो आणि खालचा तक्ता, जो खरा अंदाज आहे, तो कोणी बघत नाही.

लोकांना एकच भविष्य हवं असतं हे मी समजू शकतो. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, शेतात मोठा गोल आखून कडेने धान्यं मांडतात, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रात्रीत काय हललं, कुठलं ढेकूळ भिजलं त्यावरून पीकपाणी सांगतात. ऐकायला लांबून लोक येतात. शास्त्र म्हणून मी ते मानत नाही, पण तिथे जमणाऱ्या माणसाची गरज मला कळते: वर्षाचं सगळं भांडवल मातीत टाकायचंय, कोणीतरी ठाम बोला. मला खटकतं ते एवढंच की तिथे ‘जून कमी, जुलै बरा’ असं एक सूत हातात देतात, फाटे देत नाहीत, आणि माणसाला तयारी फाट्यांची करायची असते.

म्हणून आता वडिलांकडे येतो. त्यांना ७०% समजावून सांगायची गरजच नाही, त्यांना ते माहीत आहे. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणक्षमता किमान ७०% हवी हे त्यांना तोंडपाठ असेल. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगेत शंभर दाणे मांडून गुंडाळी करून ठेवतात आणि काही दिवसांनी उघडून मोजतात, ते त्यांनी दर जूनमध्ये केलेलं असणार. सत्तर उगवले तर बी चांगलं, साठ उगवले तर एकरी बियाणं वाढवायचं. त्यातला एकच दाणा हातात घेतला तर तो उगवेल किंवा नाही उगवणार, तरी ‘मग ७०% कुठाय?’ असं ते विचारत नाहीत, ते पेरणीचं प्रमाण ठरवतात.

पुढचा भाग मात्र ७०% मध्ये नसतो, तो त्यांच्या शेताच्या हिशेबात असतो. नाशिककडचा द्राक्षवाला बघा, छाटणीनंतर घड निघायच्या वेळेला पाऊस लागला की डावणी हा बुरशीचा रोग येतो. समजा फवारणीला पाच हजार लागतात आणि नाही केली आणि पाऊस आला तर लाखाचं नुकसान, तर त्याला ५% शक्यतेच्या वरच फवारणी परवडते, त्याने ७०% ची वाट बघितली तर बाग गेली. सोयाबीनवाल्याचं उलटं. एक पाऊस झाला म्हणून पेरलं आणि मग खंड पडला तर दुबार पेरणी, बियाणं-खत-मजुरी दुसऱ्यांदा, तेही उसनवारीवर. थांबण्याची किंमत मात्र एका मर्यादेपर्यंत कमी असते. म्हणजे त्याच आकाशाखाली एकाने थोड्याशा शक्यतेवर हलायचं आणि दुसऱ्याने बरीच खात्री होईपर्यंत थांबायचं, आणि दोघंही शहाणे.

त्यांना सांगा, उद्याच्या ७०% वर पेरू नका, तो एका दिवसाचा आकडा आहे. आधी आपल्या शिवारात ७५ ते १०० मिमी पाऊस पडून जाऊ द्या, जमिनीत ओल खोलवर गेलेली हाताने बघा, वापसा येऊ द्या. त्यानंतर पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत खंड दिसतोय का ते बघा, हवामान खात्याचा चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी येतो, त्यात पहिल्या दोन आठवड्यांवर जास्त भरवसा ठेवा. सोयाबीनला जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत वेळ आहे, घाई करण्यासारखं काही नाही. रान मोठं असेल आणि मन थांबत नसेल तर सगळं एकदम पेरू नका, थोडं आधी थोडं आठवड्याने, आणि जमलं तर रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे खंड पडला तर ओल टिकते आणि जास्त झाला तर पाणी निघून जातं. तालुक्याचं नाव आणि जमीन भारी आहे का हलकी ते कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल, हलक्या जमिनीत हा सगळा हिशेब बराच बदलतो.